एका चपलेवर दिलेली शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. शिडीला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुमच्या मनात येईल. येऊ द्या. जन्मभर लोकांनी मला खांद्यावर घेतलं, भिंतीला टेकवलं, माझ्यावर पाय दिले, पण माझ्याकडे नीट कोणी पाहिलं असेल तर शपथ. चढणाऱ्याची नजर नेहमी वर असते. त्याला बल्ब दिसतो, पन्हळ दिसते, झाडात अडकलेलं मांजर दिसतं. शिडी कोणाला दिसते? म्हणून आज माझं मीच सांगते. थोडं लांबेल, पण ऐकून घ्या.

माझा जन्म एका एकखोली दुकानात झाला. खिळे, स्क्रू, कड्या, कुलपं, नळाचे वॉशर, रंग आणि ब्रश असं सगळं तिथे मिळायचं. मालक मूळचे सुतार. शेजारचं जुनं गोदाम पाडलं तेव्हा त्याच्या छताचे वासे रस्त्याच्या कडेला येऊन पडले होते आणि ट्रकवाला ते जाळायला नेणार होता. मालकांनी त्याला चहा पाजला, दोन गोष्टी गोड बोलले आणि दोन वासे मागून घेतले. "आयुष्यभर छत तोलून धरलंय ह्यांनी," ते म्हणाले, "एक माणूस सहज तोलतील." मग त्यांनी रंधा मारला, पटाशीने भोकं पाडली आणि एकेक पायरी ठोकून बसवली. खिळेसुद्धा नवे नव्हते. लोकांनी फेकलेले वाकडे खिळे मालक गोळा करायचे आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की दगडावर ठेवून सरळ करत बसायचे. माझ्या अंगात असे कितीतरी सरळ केलेले खिळे आहेत आणि त्यातला एकही अजून निघालेला नाही.

माझ्या रंगाचीही गंमत आहे. भिंती-दारं रंगवून झाली की डब्याच्या तळाशी बोटभर रंग उरतोच. गल्लीतले लोक तो सरळ गटारात ओतायचे, आणि गटार जाऊन मिळायचं तळ्याला. मालकांनी त्यावर भाषण दिलं नाही. फक्त रंग घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "उरला की आणून द्या बरं का, आपल्या पिंपात ओतू." तेलाच्या रंगांचं पिंप वेगळं, पाण्याच्या रंगांचं वेगळं, एवढी शिस्त मात्र होती. कोणाच्या खिडकीचा निळा, कोणाच्या फाटकाचा पिवळा, कोणाच्या कपाटाचा तपकिरी, सगळे त्या पिंपात एकत्र व्हायचे. त्यातून जो रंग निघायचा त्याला नाव नव्हतं. हिरवट म्हणावा तर राखाडी, आणि राखाडी म्हणावा तर जरा मातकट. गल्लीत त्याला 'पिंपाचा रंग' म्हणत. तो ज्याला हवा त्याला फुकट मिळायचा. बसथांब्याचा बाक, शाळेचं कुंपण, वाचनालयाचं दार, सगळं त्याच रंगाचं झालं. दिसायला काही फार देखणा नव्हता तो, खोटं कशाला बोला. पण त्यात सगळ्यांच्या घरांतलं थोडं थोडं होतं. पिंपात पहिला ब्रश बुडवला तो मला रंगवायला.

मी विकाऊ नव्हते. मालकांचं म्हणणं सरळ होतं. वर्षाकाठी दोनदा लागणारी वस्तू प्रत्येकाने विकत घेऊन अडगळीत का टाकायची? गल्लीला एक शिडी पुरे. ज्याला हवी त्याने न्यावी, काम झालं की परत आणावी. भाडं नाही, डिपॉझिट नाही. फक्त दोन अटी.

पहिली अट चपलेची. शिडी नेणाऱ्याने पायातली एक चप्पल दुकानात काढून ठेवायची. मालक म्हणायचे, "पैसे ठेवले तर माणूस निवांत होतो. एक पाय अनवाणी असला की शिडी परत द्यायची आठवण राहते." म्हणून काउंटरखाली एक फळी होती आणि तिच्यावर एकेकटी चप्पल मुक्कामाला असायची. एकदा गल्लीतले वकीलसाहेब शिडी न्यायला आले ते पिशवीतून एक फाटकी चप्पल घेऊन. मालकांनी काउंटरवरून वाकून त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायांत चकचकीत बूट होते. "साहेब, पुरावा बनावट आहे," मालक म्हणाले, "पायातला काढा." वकीलसाहेबांनी मुकाट्याने एक बूट काढला आणि एका मोज्यावर मला घेऊन घरी गेले. त्या दिवशी मी दिवेलागणीच्या आत परत आले.

दुसरी अट धरणाऱ्याची. मला न्यायला कोणीही आलं की मालक विचारायचे, "धरायला कोण आहे?" खाली धरायला माणूस नसेल तर शिडी मिळायची नाही. घरात कोणी नसेल तर शेजाऱ्याला बोलवा, आणि शेजाऱ्याशी पटत नसेल तर आधी ते मिटवा. मालक थट्टेने बोलायचे, पण अट काही सोडायचे नाहीत.

एका अटीपायी काय काय होतं बघा. एका भिंतीआड राहणाऱ्या दोन भावांचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते त्यांनाही धड आठवत नसावं. थोरल्याची पन्हळ पाल्याने तुंबली आणि धरायला दुसरं कोणी मिळेना. शेवटी धाकटा येऊन उभा राहिला, तोंड दुसरीकडे करून. थोरला वर चढला. मी किंचित हलले. हे मी मुद्दाम केलं असं म्हणू नका, जमीनच तिरकी होती. वरून आवाज आला, "घट्ट धर रे." खालून आवाज आला, "धरलंय." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी उरलेली पन्हळ साफ करायला दोघं मिळून मला न्यायला आले, आणि चप्पल कोणी ठेवायची यावरून दुकानात भांडले. ते भांडण ऐकायला मला फार बरं वाटलं.

अशी माझी कामाची वर्षं गेली. मी प्रत्येक घरी जाऊन आले. कोणाच्या माळ्यावर काय आहे, कोणाच्या छताला कुठे ओल आहे, सगळं मला ठाऊक होतं. पण मित्रांनो, खरं सांगू? माझ्या जिवाला एक एकटेपणा तेव्हापासूनच चिकटला होता. घरोघरी गेले, पण घरात कधी गेले नाही. काम झालं की मला अंगणात उभी करायचे आणि सगळे आत जाऊन चहा प्यायचे. संध्याकाळी दुकान बंद झालं की मी बोळात भिंतीला टेकून उभी. शटर खाली यायचं, पावलं लांब जायची आणि मग कोणी नाही. सकाळी कोणीतरी मला मागायला येईल, एवढ्या एका आशेवर मी तशी उभी असायचे.

मोठे मालक गेले आणि त्यांची मुलगी दुकानात बसू लागली. तिला सगळे ताई म्हणत. ताई बोलायला कमी, पण वडिलांचं सगळं चालू ठेवलं. पिंप ठेवलं, वाकडे खिळे सरळ करणं ठेवलं. एक स्क्रू हवा असेल तर एकच स्क्रू द्यायच्या, आख्खं पाकीट गळ्यात मारायच्या नाहीत. आणि मला देताना वडिलांच्याच सुरात विचारायच्या, "धरायला कोण आहे?"

आता ज्या दिवसाने माझं आयुष्य फिरलं, त्या दिवसाकडे येते.

गल्लीच्या टोकाला पोस्टातले काका राहायचे. पोस्टातून निवृत्त झाले होते, तरी लोकांना दुसरं नाव सुचलं नाही. घरात ते आणि काकू. मुलगी लग्न होऊन परगावी. त्यांचं फाटकसुद्धा पिंपाच्या रंगाचं होतं, काकांनी हौसेने स्वतः रंगवलेलं. तर काका सकाळीच दुकानात आले. पुढच्या व्हरांड्यातला बल्ब गेला होता.

"धरायला कोण आहे, काका?" ताईंनी विचारलं.

"घरी आहे ना माझं माणूस," काका म्हणाले. "तिच्याइतकं घट्ट धरणारं गल्लीत कोणी नाही. बघ ना, इतकी वर्षं मला धरून ठेवलंय."

ताई हसल्या. काकांनी उजव्या पायातली चप्पल काढून दिली, मला खांद्यावर घेतलं आणि निघाले. वाटेत गुणगुणत होते. मला खांद्यावर घेऊन गाणारे फार थोडे, म्हणून लक्षात आहे.

मागच्या फाटकातून ते परसात आले. मला मागच्या भिंतीशी आडवी ठेवली, दाराशी एकटी उरलेली चप्पल काढली आणि नवा बल्ब आणायला आत गेले. मी वाट बघत पडले. आतून काकूंचा आवाज ऐकू आला, "अहो, काय होतंय? घाम किती आलाय." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग काका म्हणाले, "जरा पाणी दे." त्यानंतर बरीच धावपळ झाली, माणसं आली, गाडी आली, गाडी गेली. परसाकडे कोणी फिरकलं नाही.

मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. काका माझ्यावर चढलेच नाहीत. एका पायरीवरही त्यांनी पाय ठेवला नाही. हे पाहिलेली मी एकटी होते, आणि मला तोंड नव्हतं.

काका परत आले नाहीत. मुलगी येऊन काकूंना आपल्याकडे घेऊन गेली. दारांना कुलपं लागली. मी जिथे होते तिथेच राहिले.

शिडी आडवी पडली की ती शिडी राहत नाही. माझ्यावरून मुंग्या गेल्या, गोगलगाई गेल्या. कुठून तरी एक वेल आला, आधी लाजत लाजत एका पायरीला धरून बसला, नंतर घरच्यासारखा सगळीकडे पसरला. खालच्या बाजूने मला ओल लागली. किती काळ गेला ते मला सांगता येणार नाही. सुरुवातीला फाटकाची कडी वाजली की वाटायचं, ताई आल्या. पण वारा असायचा. मी स्वतःची समजूत घालायचे. माझ्या बदल्यात एक चप्पल फळीवर आहे, मी कोणीतरी टाकून दिलेली नाही. चप्पल आहे तोवर माझी जागा आहे. पुढे पुढे तेही मनाला पटेना. वाटलं, चप्पल फेकूनही दिली असेल. कोण सांभाळतंय मेलेल्या माणसाची एकटी चप्पल?

एके दिवशी शेजारच्या कुंपणावरून काहीतरी चकाकलं. ती अॅल्युमिनिअमची घडीची शिडी होती, नवी कोरी. शेजारी तिच्यावर चढला, एकटाच, खाली कोणी नव्हतं. काम झाल्यावर त्याने ती घडी करून शेडमध्ये टाकली आणि पुन्हा कितीतरी दिवस काढली नाही. काही दिवसांनी पलीकडच्या घरी तसलीच दुसरी चकाकली. आधी मला मत्सर वाटला, मग भीती वाटली. प्रत्येकाला स्वतःची शिडी घ्यावी लागतेय, याचा अर्थ दुकानात काहीतरी बिनसलं होतं.

काय बिनसलं होतं, ते मला नंतर ताईंच्याच तोंडून कळलं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

अँब्युलन्स गेली त्याच दिवशी कोणीतरी दुकानात येऊन बोललं होतं, "तुमची शिडी नेली काय, आणि लगेच हे झालं बघा." बोलणारा बोलून गेला. ताईंच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. काका आपल्या शिडीवरून पडले, आपण धरायला कोण आहे ते हसण्यावारी नेलं, खात्री करून घेतली नाही, असं त्या धरून चालल्या. शिडी आणायला त्या घरी जावं, तर कोणत्या तोंडाने? चप्पल नेऊन द्यावी, तर काकूंना वाटायचं, ही शिडी मागायला आली. वडिलांची शिकवण होती की दिलेली वस्तू मागायला जायचं नाही, माणसाला लाज वाटते. तेव्हा ताई गेल्या नाहीत. फळीवरची चप्पल मात्र त्या रोज पुसायच्या.

आणि त्यांनी दुसरी शिडी केली नाही. कोणी मागितली तर म्हणायच्या, "शिडी देणं बंद केलंय." का, ते कधी सांगितलं नाही. लोक थोडे दिवस कुरकुरले, मग बाजाराच्या मोठ्या दुकानातून आपापली शिडी घेऊन आले. तिथे गेले की खिळे-स्क्रूही तिथलेच, पाकिटातले. उरलेला रंग आणून द्यायला इकडे यायचं कारण उरलं नाही, तो पुन्हा गटारात जाऊ लागला. पिंपाच्या तळाशी रंग वाळून त्याची साय झाली. बसथांब्याच्या बाकाचे पोपडे उडाले ते तसेच राहिले. आणि कोणाला कोणाची शिडी धरायला बोलवायची गरज उरली नाही, हे तर कोणाच्या लक्षातही आलं नाही. ताईंनी दुकान विकायचं ठरवत आणलं होतं. एका मनात रुतलेल्या वाक्याने एवढं सगळं केलं.

आणि खरं काय ते माहीत असलेली मी, वेलाखाली तोंड मिटून पडले होते.

मग एके सकाळी फाटकाची कडी वाजली, आणि या वेळी वारा नव्हता.

काकू परत आल्या होत्या, एकट्याच. लेकीकडे सगळं होतं, पण करमत नव्हतं, असं त्या भंगारवाल्याला सांगत होत्या. परस साफ करायला त्यांनी त्याला बोलावलं होतं. तो गंजलेली बादली, मोडका पाइप असं एकेक उचलत माझ्यापर्यंत आला आणि त्याने वेल ओढून काढला.

"आजी, ही लाकडाची शिडी आहे. आमच्याकडे लाकडाला भाव नाही. बंबात घालायला होईल तुम्हाला. तोडून देऊ का?"

त्याच्या हातात पहार होती. ती त्याने माझ्या मधल्या पायरीवर टेकवली. मित्रांनो, तो क्षण आठवला की आज मला स्वतःपेक्षा ताईंचं वाईट वाटतं. मी मोडले असते तर ते एक वाक्य कायमचं खरं झालं असतं.

"थांब," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे शिडी नव्हती कधी."

त्या जवळ आल्या, कष्टाने खाली बसल्या आणि पदराने माझ्यावरची माती पुसली. मातीखालून पिंपाचा रंग निघाला. काकूंनी मान वळवून फाटकाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग उठून घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात डाव्या पायाची एक चप्पल होती. लेकीकडे जातानाही त्यांनी ती बरोबर नेली होती आणि परत आणली होती.

"मला वाटलं, दुसरी दवाखान्याच्या गडबडीत हरवली," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना विचारलं मी. वॉर्डबॉयलासुद्धा विचारलं." भंगारवाल्याला काही कळलं नाही. तो पहार धरून उभा राहिला. "चल, धर एका बाजूने," काकू त्याला म्हणाल्या. "हिला पोचवायचीय."

तर अशी मी निघाले. पुढे भंगारवाला, मागे काकू. त्यांच्या खांद्याला माझं वजन काय पेलणार, पण त्यांनी सोडलं नाही. इतक्या दिवसांनी मी जमिनीवरून उचलली गेले होते. आकाश सरळ दिसलं आणि मला रडू आलं असतं, येत असतं तर.

ताई काउंटरवर होत्या. आम्हाला बघून त्या उठल्या आणि तशाच पुन्हा खाली बसल्या.

"तुझी शिडी," काकू म्हणाल्या. "फार उशीर झाला गं. मला माहीतच नव्हतं, ह्यांनी आणलीय म्हणून."

ताई म्हणाल्या, "काकू, मला माफ करा. मी द्यायला नको होती. मी खात्री करायला हवी होती, धरायला कोणी..."

"कसली खात्री?"

"काका पडले ते... शिडीवरून..."

काकू गोंधळून बघत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं.

"अगं, कोणी सांगितलं तुला? ते कुठे चढले शिडीवर? मला हाकसुद्धा मारली नाही त्यांनी धरायला. घरात आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं. माझ्या हातचं पाणी प्यायले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं आतून होतंच. शिडीचा काय संबंध?"

ताईंनी काउंटरवर डोकं ठेवलं आणि त्या हमसून हमसून रडल्या. काकू आत जाऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. भंगारवाल्याने मला हळूच बोळातल्या भिंतीला उभी केली, माझ्या जुन्या जागी, आणि निघून गेला. त्याला बिचाऱ्याला त्या दिवशी बादली-पाइपाखेरीज भंगार काहीच मिळालं नाही.

मग ताईंनी डोळे पुसले आणि फळीवरून ती चप्पल काढली. पट्ट्याला तेल लावलेलं, धुळीचा कण नाही. काकूंनी पिशवीतली डावी काढून शेजारी ठेवली. दोघी त्या जोडाकडे बघत बसल्या. बाहेर कोणीतरी "खिळे आहेत का?" विचारत होतं.

काकू जायला उठल्या आणि दारात थांबल्या.

"शिडी आहे का गं रिकामी?" त्यांनी विचारलं. "व्हरांड्यातला बल्ब अजून तसाच आहे."

असं म्हणून त्यांनी स्वतःच्या उजव्या पायातली चप्पल काढली आणि काउंटरवर ठेवली. ताई म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडून कशाला?" काकू म्हणाल्या, "रीत ती रीत." मग त्यांनी अनवाणी पाय काकांच्या उजव्या चपलेत घातला. ती त्यांना मोठी होत होती, पण त्यांनी अंगठ्याने घट्ट धरली.

आणि ताईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "धरायला कोण आहे?"

विचारलं आणि त्यांनी जीभ चावली. काकूंनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

"आता कोणी नाही गं," त्या म्हणाल्या.

ताईंनी गल्ल्यावरच्या किल्ल्या उचलल्या. भर दुपारी शटर खाली ओढलं. मला खांद्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "चला. मी आहे."

व्हरांड्यात कोणी चढायचं यावर दोघींचा थोडा वाद झाला आणि शेवटी ताई चढल्या. माझी खालची एक पायरी ओलीने कुजली होती, ती ओलांडून त्यांनी दुसरीवर पाय ठेवला. काकूंनी खाली माझे दोन्ही दांडे धरले. मित्रांनो, मला आजवर खूप हातांनी धरलंय. पण इतकं घट्ट कोणी धरलं नव्हतं. काका खोटं बोलले नव्हते.

"काकू, धरलंय ना?" वरून आवाज आला.

"धरलंय. तू लाव."

दुकान विकलं गेलं नाही. माझी कुजलेली पायरी ताईंनी बदलली, आणि तिच्यावर ओला पिंपाचा रंग लावायचा म्हणून गल्लीत घरोघर फिरून उरलेला रंग मागून आणला. आता लोक पुन्हा डबे आणून देऊ लागलेत, सगळे नाही, काही जण. पण पूर्वीसारखी गर्दी माझ्याभोवती नाही. ज्याच्या त्याच्या शेडमध्ये चकाकती शिडी आहे. कितीतरी दिवस मला कोणी नेत नाही. बोळात उभी राहून मी दुकान बंद होताना ऐकते, पावलं लांब जातात आणि एकटं वाटायचं ते वाटतंच. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला व्हरांड्यातला बल्ब लागतो. मग मला बरं वाटतं.

घेतलेली वस्तू परत करा, जपून वापरा, हे तुम्हाला सगळेच सांगतील आणि ते बरोबरच आहे. मी एवढंच मागते, की दिलेली वस्तू परत आली नाही, तर रुसून किंवा घाबरून बसू नका. जाऊन दार वाजवा आणि विचारा. वस्तूसाठी जाऊ नका हवं तर, माणसासाठी जा. कोणाची तरी एकटी चप्पल तुमच्या फळीवर असेल आणि दुसरी त्यांच्या उशाशी.

आणि कधी शिडी लागलीच, तर विकत घेण्याआधी आमच्या दुकानात या. येताना दोन्ही पायांत चप्पल असू द्या. ताई विचारतील, "धरायला कोण आहे?" कोणी नसेल तर लाजू नका, तसंच सांगा. त्या किल्ल्या उचलतील.